पाणी बंद केल्यानंतरचा रकाना

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाकडे दिवाळी अंकासाठी सहसा कोणी लेख मागत नाही. धुळ्यात सव्वीस वर्षं हा विषय शिकवतो आहे. आमच्या गल्लीत अजूनही दोन घरांची समजूत आहे की मी जनगणनेच्या कामाला जातो. तिसऱ्या घरातले काका मला पावसाचा अंदाज विचारतात. हल्ली मी या कोणालाच दुरुस्त करत नाही.

माझा धंदा थोडक्यात सांगायचा तर असा: पुष्कळ गोष्टी मोजायच्या, त्यांचा तक्ता करायचा आणि तक्त्यात जे दिसतं तेवढंच बोलायचं. तक्त्यात जे आलंच नाही त्याबद्दल गप्प बसायचं. वर्गात हे वाक्य मी दरवर्षी म्हणतो. ते स्वतः शिकायला मात्र मला पिंपळनेरकडच्या एका गावात दोन दिवस शेताच्या बांधावर उभं राहावं लागलं. त्याचीच ही हकीकत आहे. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. आकडे बदललेले नाहीत.

नवीन अभ्यासक्रमात पारंपरिक ज्ञानाचा एक विषय घ्यायचाच असं ठरलं, तेव्हा जळगावला विद्यापीठात एक समिती बसली. तक्ते करायला कोणीतरी हवं म्हणून मला घेतलं. पहिल्या दोन बैठकांत फार मोठमोठी आणि फार जुनी नावं निघाली. त्यातलं काहीच आमच्या विद्यार्थ्यांना बसने जाऊन पाहता येण्यासारखं नव्हतं. मी एवढंच म्हणालो की साक्री तालुक्यात आजही फड पद्धतीने पाणी देतात, आमच्या कॉलेजपासून पाऊण दिवसाचं जाणं-येणं आहे, तर तिथून सुरुवात करू. समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "सर, संदर्भग्रंथ कोणता लावणार?" मी म्हणालो, "आधी माणसं लावून बघू."

फड म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगतो. नदीवर दगडी बंधारा असतो, त्यातून पाट निघतो, आणि पाटाखालची सगळी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली असते. त्या प्रत्येक तुकड्याला फड म्हणतात. एका फडात पंचवीस-तीस जणांची शेतं असतात, पण पीक सगळ्यांनी एकच घ्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या शेताला पाणी मालकाने स्वतः द्यायचं नाही. त्याने पाटाला हातही लावायचा नाही. पाणी देण्यासाठी गावाने माणूस नेमलेला असतो, त्याला बारेकरी म्हणतात. तो ओळीने एकेका शेताचं तोंड, म्हणजे बारं, उघडतो, भिजलं असं त्याला वाटलं की बंद करतो आणि पुढच्या शेताकडे जातो. बारेकऱ्याची स्वतःची जमीन त्या फडात नसते. नसते म्हणूनच लोक त्याच्या हाती पाणी देतात.

त्या गावचे बारेकरी हिलाल नाना. भिल्ल समाजाचे, साठीच्या पुढचे, शिक्षण चौथी. एकतीस हंगाम त्यांनी त्या फडाला पाणी दिलेलं. बोलणं फार कमी. चालणं मात्र असं की माझे विद्यार्थी मागे धावायचे.

आम्ही गव्हाच्या तिसऱ्या पाण्याला मोजणी केली. चार विद्यार्थी, दोन टेपा, दोन घड्याळं, शेतं तेवीस. गव्हाच्या शेतात लांब लांब सारे, म्हणजे वरंब्यांमधले पट्टे, पाडलेले असतात, त्यांतून पाणी वरून खाली वाहत जातं. प्रत्येक शेतात तोंड उघडल्याची वेळ लिहायची, बंद केल्याची वेळ लिहायची, आणि बंद केलं त्या क्षणी पाणी साऱ्यात किती लांब पोचलं होतं ते टेपेने मोजायचं. पाणी शेवटपर्यंत पोचलेलं असेल तर 'पूर्ण', नसेल तर 'अपूर्ण'. भडगावची वर्षा नावाची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी गटप्रमुख होती. तिच्या नोंदी इतक्या स्वच्छ की मी त्या वर्गात नमुना म्हणून दाखवल्या.

तक्ता आला: तेवीसपैकी चौदा शेतं पूर्ण, नऊ अपूर्ण. काही शेतांत तर शेवटची वीस-बावीस पावलं कोरडी असतानाच नानांनी पाणी बंद केलं होतं. आम्ही अहवालात लिहिलं, 'पाणीवाटपात असमानता आढळते.' वाक्य बिनचूक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आता माझा एक नियम सांगतो, कारण घोटाळा त्यातूनच झाला. ज्या लोकांकडून माहिती घेतली त्यांना ती मराठीत लिहून परत द्यायची, असा आग्रह समितीत मीच धरला होता. विद्यापीठवाले गावात येतात, विचारून जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत, ही तक्रार मी बऱ्याच ठिकाणी ऐकली होती. साक्रीजवळच्या एका अक्कांनी तर आमची प्रश्नावली बाजूला ठेवून दोन मुलींना आधी तीन तास शेंगा सोलायला बसवलं होतं. "तुम्ही बठ्ठं लई जातस, मग मना हातले काय येस?" सगळं तुम्ही घेऊन जाता, माझ्या हाती काय येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून मी अहवालाच्या मराठी प्रती काढल्या आणि त्यातली एक या गावालाही पाठवली. पाठवताना फार बरं वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी रतन आबांचा फोन आला. आबा म्हणजे फडाच्या पंचांचे प्रमुख.

"सर, तुमचा कागद गावात फिरतोय."

"वाचतायत का लोक?" मी खुशीत विचारलं.

"वाचतायत ना. सहाव्या पानावरची नऊ शेतांच्या मालकांची नावं तर पाठ झालीत. प्रवीणभाऊने पंचांपुढे ठेवलाय कागद. म्हणतोय, नानांना काढा, एकरी मिनिटं ठरवा, आणि घड्याळ बघून पाणी देणारा पोरगा लावा. रविवारी सकाळी बैठक आहे."

"नाना काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. पण कालपासून पाटावर डोकं खाली घालून चालतात."

नावं. शेतांना क्रमांक दिले असते तरी चाललं असतं. तक्ता भरगच्च दिसावा म्हणून मी मालकांची नावं ठेवली होती.

शुक्रवारी सकाळी वर्षाला घेऊन मी निघालो. बसमध्ये आम्ही दोघांनी सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. एकही बेरीज चुकलेली नव्हती. खरं सांगतो, साक्री येईपर्यंत माझ्या मनात असंच होतं की आकडे बरोबर आहेत, फक्त गावाला नीट समजावून सांगितलं की झालं.

नाना घरीच होते. त्यांनी खाट टाकली, आत चहाला सांगितलं, आणि आमच्याकडे न बघता बसून राहिले. मी तक्ता उघडला.

"तो कागद ठी द्या," नाना म्हणाले. "चहा ल्या पह्यले."

चहा झाला. मी सरळ विचारलं, "नाना, या नऊ शेतांत पाणी शेवटपर्यंत का जाऊ दिलं नाही?"

नानांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सर, मी बारं बंद करं, म्हंजे पानी थांबस का?"

वर्षाने वही काढून बंद केल्याच्या वेळांवर बोट ठेवलं.

"तुम्हना पोरे मना मांगे पळतस," नाना म्हणाले. "मी पुढला वावरले गऊ, का तेबी पुढला वावरले. मांगे कोन राहिनं? कोनी देखं का, मांगे पानी कथा गयं?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. नाना एका शेताचं तोंड बंद करून लगेच पुढचं उघडत. ती वेळ चुकू नये म्हणून आमची चारही मुलं त्यांच्यामागे धावत. बंद केलेल्या शेताच्या खालच्या टोकाला त्यानंतर काय होतं हे पाहायला आमच्यातलं कोणी थांबलंच नव्हतं. पहिले दोन दिवस मी स्वतः तिथे होतो. मीही धावलो होतो.

नशिबाने त्याच फडात पाण्याची पुढची पाळी चालू होती. आम्ही काम वाटून घेतलं. वर्षा नानांबरोबर चालली, आणि मी एकटा त्या नऊ शेतांच्या खालच्या टोकाला उभा राहिलो. पहिल्या शेतात नानांनी तोंड बंद केलं तेव्हा माझ्यासमोर एकोणीस पावलं कोरडी होती. मी टेप लावून मोजली. मग वाट पाहत राहिलो. साऱ्यातलं साचलेलं पाणी मुंगीच्या चालीने पुढे येत होतं. बत्तीस मिनिटांनी ते माझ्या चपलेला लागलं आणि तिथेच जिरलं. एक थेंबही बांधाबाहेर गेला नाही.

काळ्या भारी जमिनीत पाणी हळू मुरतं. वरून बंद केलं तरी साऱ्यात उभं असलेलं पाणी उताराने पुढे सरकत राहतं. तेच शेवटपर्यंत पोचल्यावर बंद केलं, तर खालच्या टोकाला तळं साचतं आणि गहू पिवळा पडतो. हलक्या, मुरमाड जमिनीत पाणी जागच्या जागी खाली उतरतं. तिथे मागून सरकणारं काही उरत नाही, म्हणून टोकापर्यंत चालू ठेवावं लागतं. आमच्या 'पूर्ण' शेतांपैकी बहुतेक हलकी होती. 'अपूर्ण' म्हटलेली नऊच्या नऊ काळी होती. नाना प्रत्येक शेताची माती बघून, पाणी किती पावलं आपणहून जाईल याचा हिशोब करून तोंड बंद करत होते. आणि त्या हिशोबाला आम्ही 'असमानता' असं नाव दिलं होतं.

दोन दिवसांत नऊही शेतं झाली. सात शेतांत पाणी टोकाला पोचलं. सगळ्यात लवकर अठरा मिनिटांनी, सगळ्यात उशिरा एकेचाळीस मिनिटांनी.

दोन शेतांत पोचलं नाही. एकात अकरा पावलं कोरडी राहिली, दुसऱ्यात नऊ. मी प्रत्येकी दीड तास थांबून खात्री केली. दोन्ही शेतं प्रवीणभाऊचीच.

शनिवारी दुपारी वर्षा पाटाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "सर, सात शेतं सांगितली तरी नाना सुटतात. उरलेल्या दोन शेतांचं आत्ता सांगायलाच हवं का?"

प्रश्न तिने विचारला खरा, पण तो माझ्याही मनात होता. माझ्या चुकीमुळे त्या माणसाच्या एकतीस हंगामांवर डाग पडला होता. तो पुसायला आलो असताना हातात पुन्हा दोन काळे ठिपके घेऊन जायचे? रात्री घरी फोन केला, तेव्हा बायको म्हणाली, "एकदा अर्धं सांगून पाहिलंत ना? आता पूर्ण सांगा." ती माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आमच्या घरात भावना अशाच बोलल्या जातात.

रविवारी ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात चाळीसेक माणसं होती. आबांनी मला उभं केलं. मी सांगितलं की आमचा सहाव्या पानावरचा तक्ता चुकला आहे, आणि कसा चुकला तेही सांगितलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर सोता 'चुकनू' म्हनी राहिना, लिखी ल्या रे!" सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

प्रवीणभाऊ उठला. पस्तिशीचा, बी.कॉम. झालेला, खतांचं दुकान चालवणारा. "सर, मग आधी छापला कशाला कागद? आम्ही काय समजायचं, तुमचा पहिला आकडा खरा का दुसरा?"

"दुसरा. पहिल्यात आम्ही थांबलो नव्हतो."

"म्हणजे माझं वावर भिजतं म्हणा ना सरळ! माझा गहू खालून वाळतोय तो मला दिसत नाही का?"

"तुमचं भिजत नाही," मी म्हणालो. "सात शेतांत पाणी पोचतं. दोन शेतांत पोचत नाही. ती दोन्ही तुमची आहेत."

नाना खांबाला टेकून उभे होते, ते पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जिन्नस हरवलेल्या माणसासारखा चेहरा होता.

"तो तुकडा?" नाना म्हणाले. "तुना बापना टाइमले निस्तं लोणी व्हतं ते वावर. पंधरा पावलं राहिनीत का बंद कर, आपले आप जाये."

"बापना टाइम गया, नाना," प्रवीणभाऊ म्हणाला. "दोन वरीस पह्यले ट्रॅक्टर लाईसन वरला खड्डा भरीसन सपाट करं ना मी."

नाना सावकाश म्हणाले, "खालनी बाजूनी काळी माटी वर नेई टाकी. खाले मुरूम राहिना. मले कोनी सांगं?"

"तुम्ही रोज तठेच शेतस. दिसनं नही?"

हा टोला मलाही बसला. चाळीस माणसं नानांकडे बघत होती. 'नाही, माझी चूक नाही' असं म्हणायला त्यांना पूर्ण वाव होता.

"नही दिसनं," नाना म्हणाले. "वरतून वीतभर काळी शे, तीच देखी. खाले देखं नही. मी बी चुकनू."

प्रवीणभाऊ खाली बसला. लढायला तयारी करून आलेल्या माणसाला समोरचा एकदम असं बोलला की काय करावं ते कळत नाही. हातातला आमचा अहवाल त्याने दोनदा गुंडाळला, दोनदा उघडला. मग म्हणाला, "मंग उद्या या नाना वावरमा. दोन्ही जन देखू, कथा मुरूम शे."

"आजच येस ना. उद्या कसाले?"

आबांनी तेवढ्यात घसा साफ करून निकाल दिला. बारेकरी तोच. आणि यापुढे कोणी आपल्या शेतातली माती हलवली तर त्याने आधी नानांना सांगायचं, नाही सांगितलं तर पाण्याची तक्रार करायची नाही. हे पंचांच्या वहीत लिहिलं गेलं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत माझ्या एखाद्या अभ्यासावरून कुठे नियम झाला असेल तर तो हा एकच. आणि तोही मी चुकलो म्हणून झाला.

अहवालाच्या एकूण चाळीस प्रती गेल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी मी शुद्धिपत्र पाठवलं आणि सहाव्या पानावर चिकटवायची विनंती केली. सव्वीस ठिकाणांहून चिकटवल्याचं कळलं. चौदा प्रतींत नाना अजून 'असमान' पाणी देत असतील. तो सल आहे आणि राहील.

त्यानंतर आम्ही तक्त्यात एक रकाना वाढवला: 'पाणी बंद केल्यानंतर'. वर्षाचा पुढचा सगळा प्रबंध त्या एका रकान्यावर उभा आहे. आणि नानांना शिकवायला बोलावायचं हे समितीपुढे मांडलं.

त्या बैठकीचं सविस्तर लिहीत नाही. अर्जात शैक्षणिक पात्रतेचा रकाना होता, तिथे मी 'चौथी' लिहिलं. अनुभवाच्या रकान्यात 'एकतीस हंगाम'. प्रकाशनांच्या रकान्यात रेघ मारली. एक सदस्य म्हणाले, "उद्या एखाद्या मुलाने तक्रार केली, की चौथी शिकलेल्या माणसाने मला नापास केलं, तर काय उत्तर देणार?" मी म्हणालो, "तेवीस शेतांच्या तक्त्यात एम.एस्सी. झालेला माणूस चुकला, तेव्हा कोणी तक्रार केली नव्हती." अध्यक्षबाई हसल्या, मग गंभीर होऊन म्हणाल्या, "एक वर्षापुरतं, प्रायोगिक तत्त्वावर." एक वर्ष तर एक वर्ष. मला पुरे होतं.

वर्गात नाना पहिल्या दिवशी फळ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि आठ मिनिटांत बोलणं संपवलं. तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. मग आम्ही शहाणे झालो आणि पुढचे सगळे तास फडातच घेतले. मुलं माती मुठीत दाबून पाहायला शिकली, फावड्याने टोकाशी हातभर खड्डा काढून खाली काय आहे ते बघायला शिकली. तो खड्डा काढणं नानांच्या पद्धतीत पूर्वी नव्हतं. प्रवीणभाऊच्या शेतानंतर आलं.

प्रात्यक्षिक परीक्षा गेल्या हिवाळ्यात झाली. शेत कोणाचं घ्यायचं असा प्रश्न निघाला, कारण परक्या पोरांच्या हाती आपलं पाणी कोण देणार? प्रवीणभाऊ म्हणाला, "माझंच घ्या. त्याच्यात पास झाले तर कुठेही होतील." आठ विद्यार्थी होते. प्रत्येकाने एकेका साऱ्याला पाणी द्यायचं, आपल्या अंदाजाने बंद करायचं आणि टोकाला जाऊन उभं राहायचं. सहा जणांचं पोचलं. दोघांचं राहिलं, एकाचं पाच पावलं, एकीचं सात. लेखी परीक्षेत हेच दोघे पहिले होते.

"किती गुण देऊ नाना?" मी गुणपत्रक उघडून विचारलं. "पंचवीसपैकी द्यायचे आहेत."

"गुण कसाना? पुढली पाळीले येवोत."

विद्यापीठाच्या संगणकात पास, नापास आणि अनुपस्थित एवढ्या तीनच जागा आहेत. परीक्षा विभागातले गृहस्थ फोनवर म्हणाले, "अनुपस्थित टाका ना सर, कशाला डोक्याला ताप?" मी म्हणालो, "अहो, घोटाभर चिखलात उभे आहेत दोघे माझ्यासमोर. अनुपस्थित कसं टाकू?" शेवटी पत्र लिहून मी आठही जणांचा निकाल पंधरा दिवस राखून ठेवायला लावला. पास झालेले सहा जण कुरकुरतील असं वाटलं होतं. पुढच्या पाळीला तेही बसने आले, न बोलावता.

त्या दिवशी दोघांनी आधी टोकाला खड्डा काढला, माती पाहिली, आपसात काहीतरी बोलले आणि वर गेले. पाणी सोडलं. नानांनी एक अक्षर सांगितलं नाही. दोघांनी आपापल्या वेळी तोंडं बंद केली आणि धावत खाली आले. आम्ही सगळे बांधावर उभे, प्रवीणभाऊ आणि मी धरून दहा जण. दोन्ही साऱ्यांतलं पाणी हळूहळू पुढे आलं, मुरमाशी जरा अडलं, आणि टोकाला लागलं. आधी एक, मग काही वेळाने दुसरं.

सगळे नानांकडे वळले. नाना तिथे नव्हते. ते केव्हाच चालत पुढच्या शेताच्या तोंडाशी गेले होते आणि फावडं जमिनीत रोवून उभे होते.

मुलीने इथूनच ओरडून विचारलं, "नाना, पास का आम्ही?"

नानांनी फावडं उपसलं आणि तिच्या दिशेने आडवं धरलं.

"हाई वावर कोन भरी मंग?" ते म्हणाले. "या लवकर. पानी वाट देखी राहिनं."

ती दोघं धावली. त्यांच्यामागे सहा जण धावले. परीक्षेपुरते सारे सोडले, तर इतक्या हंगामांत त्या फडाच्या पाण्याला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. नानांनी फावडं तिच्या हाती दिलं, दोन पावलं मागे सरकले आणि बांधावर बसले.

मी गुणपत्रक गुडघ्यावर ठेवून दोघांपुढे 'पास' लिहिलं. मग टोकाला जाऊन उभा राहिलो, पुढचं पाणी कुठवर येतं ते बघायला.